साठाची फ्रेम तीसला

बाबांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला आणि त्या दिवसापासून घरातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

तसं घर चष्मेवाल्याचं. बाबांनी उभं आयुष्य लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात घालवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते 'वेळच्या वेळी डोळे तपासा' म्हणून बजावायचे. स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता तेव्हा मात्र 'हल्ली बल्बच मंद निघतात' म्हणून बल्ब करणाऱ्यांच्या नावानं खडे फोडत बसले. शेवटी एकदा त्यांनी एका गृहस्थाचा चष्मा शेजारी बसलेल्या बाईंना चढवला आणि 'आता कसं स्वच्छ दिसतंय ना?' असं कोपऱ्यातल्या आरशाला विचारलं. तेव्हा मुलानं दुकान आपल्या ताब्यात घेतलं आणि बाबांना डॉक्टरांच्या ताब्यात दिलं.

ऑपरेशन झालं. नव्या भिंगातून बाबांनी आपलं घर पाहिलं आणि म्हणाले, "हे असं होतं होय!"

तिथून पुढे घराची तपासणी सुरू झाली. पंख्याच्या पात्यांवरची धूळ, कपाटावरची जाळी, कपाच्या आतली चहाची कड, सगळं त्यांना दिसू लागलं, आणि दिसलेलं मनात ठेवण्याची सवय त्यांना नव्हती. सर्वांत मोठं नुकसान झालं सूनबाईचं. लग्न झाल्यापासून बाबा बोलत असताना ती त्यांच्या समोर बसून बिनधास्त तोंड वेडावत असे. आठवडाभराचा शीण त्यानं जरा हलका व्हायचा. आता तीही सोय गेली.

सूनबाई पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर कानांना हेडफोन लावून "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" म्हणायचं, एवढंच काम. संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्यातली सगळी दिलगिरी संपलेली असायची आणि घरच्यांच्या वाट्याला नुसता त्रास उरायचा. म्हणून शनिवारची दुपार तिनं स्वतःसाठी राखून ठेवली होती. माहेरून तिनं फारसं काही आणलं नव्हतं. एक गेम खेळायचा डबा आणि एक स्वभाव. पैकी डबा आता जुना झाला होता.

त्या डब्यावर शनिवारी दुपारी ती आणि तिची धाकटी बहीण मिळून खेळत. धाकटी नोकरीसाठी दूरच्या शहरात राहायची. दोघींनी दोन घरांत बसून एकाच खेळात शिरायचं, खेळता खेळता अख्ख्या जगाची निंदा करायची आणि हलकं व्हायचं. त्या खेळाचा शेवटचा टप्पा म्हणजे एक ढासळता मनोरा. दोघांनी एकमेकांना दोर टाकत वर चढायचं. कित्येक शनिवार झाले, दोघी त्या मनोऱ्यावरून खाली पडत होत्या. (खरं सांगायचं तर पडायची सूनबाईच. धाकटी ओरडायची, "ताई, थांब ना, दोर येऊ दे!" आणि तोवर ताईनं उडी मारलेली असायची.)

आणि आज शेवटचा शनिवार होता. सोमवारी धाकटी एका एवढ्याशा खोलीत राहायला जाणार होती. तिथे टीव्हीला जागाच नव्हती, म्हणून ती आपला गेमचा डबा विकून टाकणार होती. आज मनोरा सर झाला तर झाला. नाहीतर एवढ्या महिन्यांची मेहनत आणि दोघींची हक्काची दुपार, दोन्ही त्याच ढिगाऱ्याखाली जाणार.

नेमक्या त्याच सकाळी बाबांनी ठरवलं, की डोळे नवे घेतले आहेत तर त्यांच्यासमोर जुना टीव्ही ठेवण्यात अर्थ नाही.

"फोर के आहे," खोक्यावरून हात फिरवत बाबा म्हणाले.

"चार काय?" आईंनी विचारलं. आई म्हणजे सूनबाईच्या सासूबाई. त्या मटार सोलत होत्या.

"चार के."

"अहो, पण कसले के?"

"ते तुला नाही कळायचं. स्पष्ट दिसतं."

"मला काय, चष्म्याशिवाय काहीच दिसत नाही. एक के असला तरी तेच," असं म्हणून आईंनी पुढची शेंग घेतली.

टीव्ही बसवणारा येऊन गेला. जुना टीव्ही तोच घेऊन गेला, म्हणजे परतीची वाट बंद. सूनबाईनं आपला डबा नव्या टीव्हीला जोडला आणि चित्र उमटलं. बाबा पुढे झाले, टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि लहान मुलाचे डोळे तपासताना करत तसा चेहरा केला.

"अंधुक आहे."

"नाही हो बाबा, चांगलं दिसतंय."

"कोपऱ्यात आकडा बघ. हजार ऐंशी. टीव्ही फोर के आणि चित्र हजार ऐंशीचं? म्हणजे नंबर लागलाय याला. वाढव."

"बाबा, डबा जुना आहे. मोठं चित्र दाखवता येईल त्याला, पण झेपणार नाही."

"झेपणार नाही म्हणजे?"

सूनबाईनं मोठा श्वास घेतला. (कंपनीत असा श्वास घ्यायला मनाई होती, समोरच्याला ऐकू जातो म्हणून.) "असं बघा, हा डबा दर सेकंदाला भराभर चित्रं काढतो. म्हणून आपल्याला हलतं दिसतं. आता तुम्ही त्याला म्हणालात, की प्रत्येक चित्र चौपट बारकाईनं काढ. काढेल बिचारा. पण मग तेवढ्या वेळात तेवढी चित्रं होणार नाहीत. सगळं अडखळत चालेल."

"हे तू मला सांगतेस?" बाबा म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी मीही हेच म्हणत होतो. या वयात झेपणार नाही, झेपणार नाही. झेपलं की नाही?"

"तुम्हाला झेपलं हो," आई शेंगांकडे बघत म्हणाल्या. "घराला अजून झेपायचंय."

बाबांशी वाद घालण्यापेक्षा कंपनीतल्या तक्रारी बऱ्या, कारण तिथे निदान शेवटी फोन ठेवता येतो. खेळाच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय होते, एक सुरळीत खेळण्याचा आणि एक सुंदर दिसण्याचा. सूनबाईनं मुकाट्यानं सुंदर दिसण्याचा घेतला. आणि खरंच सांगते, देखणं दिसलं! मनोऱ्याचा दगडन् दगड, दगडांतलं शेवाळ, शेवाळावरचे थेंब. बाबा हरखून गेले. फक्त मनोऱ्यावर चढणारा वीर पाय सुजल्यासारखा चालायला लागला, आणि डब्यातून असा घरघराट सुरू झाला की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, "पिठाची गिरणी आणलीत का?"

"बघ," बाबा म्हणाले, "झेपतंय."

तेवढ्यात त्यांच्या थेंबांची वेळ झाली. आईंनी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं आणि डोळे मिटून आतल्या खोलीत पडायला सांगितलं. सूनबाईला वाटलं, सुटलो. तिला तेव्हा कल्पना नव्हती, की डोळे उघडे असलेले बाबा परवडले, पण डोळे मिटून नुसतं ऐकणारे बाबा परवडणार नाहीत.

तिनं हेडफोन लावला. धाकटी वाटच बघत होती.

"ताई, काय झालंय? तू चालतेस की रांगतेस?"

"काय सांगू बाई! नवा टीव्ही आलाय," सूनबाई वैतागून मोठ्यानं बोलत होती. हेडफोन लावला की तिला कामावर असल्यासारखं वाटायचं आणि आवाज आपोआप चढायचा. "फ्रेम रेट पडलाय गं. हो ना, एकदम पडला! साठावरून थेट तीसवर. नाही, नाही, माझ्याच एकटीचं नाही, सगळीकडे हेच आहे. नवं मॉडेल बाजारात आलंय ना, जुन्याला आता कोण विचारतो? मी सकाळपासून कानीकपाळी ओरडतेय, पण बाबांना कोण सांगणार!"

आतल्या खोलीत बाबांनी मिटलेल्या डोळ्यांनीच कान टवकारले.

आता ज्या माणसाचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला, त्याच्या कानावर 'फ्रेम रेट' हे शब्द पडले तर त्यानं दुसरं काय समजावं? फ्रेमचा रेट पडला. साठाची फ्रेम तीसला आली. सगळीकडे पडला. बाजारात नवं मॉडेल आलं. आणि घरात सगळ्यांना माहीत असून आपल्यालाच कुणी सांगितलं नाही! मुलगा तर आज बाहेरगावी घाऊक व्यापाऱ्याकडे नव्या फ्रेम घ्यायला गेलेला. म्हणजे तो तिकडे जुन्या चढ्या भावानं घेणार आणि इकडे तळाच्या भावानं विकावं लागणार.

"अगं ए," त्यांनी हळूच आईंना हाक मारली, "दुकानाचा नंबर लावून दे. माझे डोळे मिटलेले आहेत."

दुकानात भिंगं घासणारा एक जुना माणूस होता. त्याला सगळे मामा म्हणत. नव्या मालकाचं ऐकायचं आणि जुन्या मालकाचं करायचं, असा मामांचा शिरस्ता होता.

"मामा, फ्रेम निम्म्या दरात काढा. सगळ्या. आत्ता. नंतर कुणी हात लावणार नाही त्यांना."

"निम्म्या? साहेब, पण धाकटे साहेब..."

"धाकट्याला बाजार कळत असता तर तो आज माल घ्यायला गेला असता का? पाटी लावा."

मामांनी पाटी लावली.

इकडे दोघी बहिणी मनोऱ्याच्या अर्ध्यावर अडखळत पोहोचल्या होत्या, तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला. नवरा.

"अगं, तू बाबांना काय सांगितलंस?"

"मी? मी काहीच सांगत नाही. तेच सांगतात."

"मला समोरच्या औषधवाल्यानं फोटो पाठवलाय. आपल्या दुकानासमोर रांग लागली आहे. रांग! आयुष्यात कधी लागली नव्हती. मामा म्हणतात, सूनबाईंनी खबर आणली की फ्रेमचे रेट पडले."

एकेक शब्द सूनबाईच्या डोक्यात जागेवर बसत गेला. साठ, तीस, सगळीकडे, नवं मॉडेल.

"अरे, ते गेमचं होतं! सेकंदाला किती चित्रं, त्याचा रेट!"

"गेमचं असो नाहीतर कशाचं, मला परतायला संध्याकाळ होईल. मामा बाबांचा शब्द मोडत नाहीत आणि बाबा माझं ऐकत नाहीत. बाबांना धुळीत जायची बंदी आहे. तूच जा बाई."

"अरे, पण आज शनिवार..."

"शनिवार आहे म्हणूनच रांग आहे!"

सूनबाईनं एकदा मनोऱ्याकडे पाहिलं. धाकटीला एवढंच म्हणाली, "पाच मिनिटांत आले गं, इथेच थांब!" आणि हेडफोनची वायर उपटली. आता धाकटीचा आवाज टीव्हीतून यायला लागला, पण इकडचं तिकडे काही जाणार नव्हतं. डबा बराच वेळ नुसता ठेवला की खेळातून बाहेर काढायचा. म्हणून जाता जाता तिनं कंट्रोलर आईंच्या हातात कोंबला.

"आई, हे धरा. मधूनमधून हे बटण दाबत राहा, म्हणजे खेळ बंद पडणार नाही. बाकी कशाला हात लावू नका."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं!"

दुकानात पोहोचली तेव्हा पाटीखाली माणसांची गर्दी जमली होती. 'सर्व फ्रेम निम्म्या दरात. नवीन मॉडेल आल्यामुळे.' मामांचं अक्षर इतकं वळणदार होतं की पाटी खोटी वाटतच नव्हती. सूनबाईनं पहिल्यांदा पाटी काढली. तिच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी चूक. (दुसरी मोठी चूक म्हणजे मघाशी कंट्रोलर कुणाच्या हाती दिला ती, पण ते तिला अजून कळायचं होतं.)

"पाटी का काढली?" एक काका गरजले. "आम्ही काय उन्हात उगाच उभे आहोत?"

"निम्म्या दरात फक्त फ्रेम का? काचा पूर्णच?" दुसऱ्यानं विचारलं.

"अर्ध्या काचा घालून काय कराल?" सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

एक बाई पुढे सरसावल्या. "मी मागच्या आठवड्यात फ्रेम नेली. पूर्ण दरानं. तिचे निम्मे परत द्या."

"मागच्या आठवड्यात रेट पडला नव्हता, बाई," मामा मधेच बोलले.

"मामा, आजही नाही पडलेला!"

"साहेब म्हणाले पडला."

आता भांडण्यात अर्थ नव्हता. अंगात त्राणही नव्हतं. आठवडाभराचा सराव कामाला आला. सूनबाईनं आवाज खाली आणला, गोड केला आणि म्हणाली, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आत आलेल्यांना निम्म्या दरात मिळेल. बाहेरच्यांनी कृपया..."

"थांबा!" ते उन्हातले काका एकदम म्हणाले. "हा आवाज मी ओळखतो. मंगळवारी फोनवर तुम्हीच होतात ना? तो फिल्टर अजून गळतोय!"

मग काय विचारता! चष्म्याच्या दुकानात उभं राहून सूनबाईनं अर्धा तास पाण्याच्या फिल्टरची तक्रार ऐकून घेतली. बाहेरचे बघता बघता आत आले, आणि आत आलेल्यांना शब्द दिलेला होता. एका गृहस्थानं बारा फ्रेम घालून पाहिल्या आणि प्रत्येक वेळी "यात मी कसा दिसतो?" विचारलं. अकराव्या वेळी तिनं खरं सांगितलं, तरी त्यांनी बारावी घातलीच. तिनं दोनदा धाकटीला फोन लावून पाहिला. उचलला नाही. रागावली असणार. रागावेलच ना! तिला कुणी सांगितलं होतं असल्या बहिणीची वाट बघायला? खेळातून कधीचीच बाहेर पडली असेल. डबा खोक्यात भरून टाकला असेल. कुणाला तरी विकूनही मोकळी झाली असेल.

सूनबाई घरी परतली तेव्हा चपला काढायचंही भान नव्हतं. जिन्यातच तिला टाळ्या ऐकू आल्या. दार उघडं होतं.

टीव्हीसमोर दोन खुर्च्या जोडून आई-बाबा बसले होते. पडद्यावर मनोऱ्याच्या टोकावर झेंडा फडकत होता. अर्धवट सोललेल्या मटारांचं पातेलं तसंच खाली पडलं होतं.

"हे... हे कुणी केलं?"

"मी काही केलं नाही गं," आई ओशाळून म्हणाल्या. "तू म्हणालीस तसं बटण दाबत राहिले. दाबलं की तो माणूस उडी मारतो ना! दोनचारदा पडला बिचारा. मला कुठे काय दिसतंय? मग यांना उठवलं."

"हिला दिसत नव्हतं आणि मला बटणं कळत नव्हती," बाबा म्हणाले. "मी नुसतं सांगत होतो. डावीकडे दोर, उजवीकडे दगड हलतोय, थांब, आता हाण. आणि तुला एक सांगू का सूनबाई? तुझ्या त्या डब्याला एवढं मोठं रेझोल्यूशन झेपत नाही."

सूनबाईनं पायातल्या चपला काढल्या.

"अडखळतो. चित्र चौपट बारीक काढायला गेला की त्याची चित्रं कमी पडतात. मी विचार केला आणि कमी करायला लावलं हिला. एकदम सुरळीत! हे तुम्हा शिकलेल्या मुलांच्या कसं लक्षात येत नाही?"

सूनबाईनं भिंतीला टेकून डोळे मिटले. तोंड वेडावायची सोय गेली होती.

"बाकी तुझी बहीण फार बोलते," बाबा पुढे म्हणाले. "आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सारखी विचारत होती, 'तपासनीस झोपले का? आज किती जाळी मोजली?' हे तपासनीस कोण गं?"

सूनबाई हेडफोनची वायर गुंडाळायला लागली.

"ऑफिसात आहेत एक," ती कशीबशी म्हणाली.

"मला वाटलंच," बाबा म्हणाले. "कटकट्या माणूस दिसतोय. जपून राहा."

आईंनी पदर तोंडाशी धरला आणि मटारांकडे वळल्या.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटी.

"ताई! जिंकलो! अगं, काय खेळलीस आज! मघाशी तुझे फोन आले वाटतं, पण हात कुठे मोकळा होता? सुरुवातीचं पडणं सोडलं तर एकदाही घाई नाही, चिडचिड नाही. नंतर मी दोर टाकायच्या आधी एकदाही उडी मारली नाहीस. आणि एक शब्दसुद्धा बोलली नाहीस! मी पहिल्यांदा इतकी मजेत खेळले. ऐक, मी ठरवलंय. डबा विकत नाही. खाट बाहेर काढेन, पण टीव्ही आत ठेवेन. दर शनिवारी खेळायचं. बोल!"

सूनबाईला रडू येत होतं की हसू, ते तिलाच कळेना. दुपार वाचली होती. नुसती वाचलीच नव्हती, कायमची राहिली होती. हे श्रेय चोरून घ्यायला एका 'हो'चा अवकाश होता. पण समोर बाबा आपले नवे कोरे डोळे रोखून बसले होते, आणि त्या डोळ्यांपुढे खोटं बोलणं आता झेपत नव्हतं.

"मी नव्हते गं," ती हळूच म्हणाली. "मी दुकानात होते. सासूबाई खेळत होत्या. आणि... बाबा सांगत होते."

धाकटी चाचरत म्हणाली, "बाबा? म्हणजे तपास... त्यांनी सगळं ऐकलं?"

"सगळं."

"अरे देवा." आणि मग अगदी हलक्या, लाडिक आवाजात, जो ती लहानपणी ताईचं काही मागायचं असलं की काढायची, धाकटीनं विचारलं, "ताई, रागावणार नसशील तर एक विचारू? पुढच्या शनिवारी दुकानात कोण जाणार आहे?"